समुद्र न पाहिलेल्या वर्गाला समुद्र कसा शिकवावा

सातवीच्या पोरांना मी एकदा समुद्राचं चित्र काढायला सांगितलं. अठ्ठावीसपैकी एकोणीस चित्रांत समुद्राला भिंत होती. भिंतीला दरवाजे, वरून रस्ता, आणि एका चित्रात तर 'पाण्यात उतरू नये' अशी पाटीसुद्धा. आमची शाळा जिल्हा परिषदेची, केज तालुक्यातली. पोरांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे धनेगावचं मांजरा धरण, मग समुद्रालाही भिंत असणारच. ती चित्रं हातात घेऊन मी जरा वेळ गप्प बसले, कारण त्याआधीची सहा वर्षं मी भरती-ओहोटी, क्षारता, सागरी प्रवाह हे सगळं जोरात शिकवत होते आणि पोरं ते धनेगावच्या धरणात बसवून घेत होती.

म्हणून पहिलं काम हेच करा. काही शिकवायच्या आधी चित्र काढून घ्या आणि त्यावर एक शब्द बोलू नका. चित्रं कपाटात ठेवा, शेवटच्या दिवशी परत द्या.

दुसरी गोष्ट माझ्या अनुभवाची, सगळ्यांना पटेल असं नाही. मोबाईलवर समुद्राचा व्हिडिओ आधी दाखवू नका. आधी दाखवला की पोरं "लई भारी" म्हणतात आणि प्रश्न विचारायचं थांबतात. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल अंदाज बांधावा लागतो, आणि विज्ञानाच्या तासाला मला तेच हवं असतं. व्हिडिओ शेवटी दाखवा. तेव्हा पोरं त्यातल्या चुका काढतात.

वेळेचंही आधीच सांगते. हा सगळा भाग जून ते दिवाळीच्या आत संपवा. दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांना गेल्या की आमचा अर्धा वर्ग आईबापांबरोबर ऊसतोडीला जातो. वार्षिक नियोजनात हा धडा जानेवारीत असला तरी तो उचलून आधीच घ्या. मला आजवर कुणी अडवलेलं नाही.

गावातला समुद्र गोळा करा

पहिल्या आठवड्याचा गृहपाठ: घरात किंवा गावात समुद्रातून आलेली वस्तू शोधून आणा. पोरं आधी म्हणतात, आपल्याकडं काहीच नाही. मग मीठ निघतं. मंगळवारच्या बाजारातली सुकट आणि बोंबील निघतात. देवघरातला शंख निघतो. आणि आमच्या भागात हमखास निघतात त्या कवड्या, कारण तुळजापूरच्या देवीची आराधी, म्हणजे गळ्यात कवड्यांची माळ घालणारी भक्तमंडळी, घराघरात आहेत. कवडी ही उबदार समुद्रात राहणाऱ्या गोगलगायीसारख्या प्राण्याचं घर. तो जिवंत असताना अंगाचा मऊ पडदा कवचावरून पांघरून घेतो, म्हणून कवडी अशी गुळगुळीत राहते. हे सांगितल्यावर वर्गात शांतता पसरते. आजीच्या गळ्यातली माळ एकदम कुणाचं तरी घर होते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. एका पोराने आजीला न विचारता परडीतली माळच उचलून आणली. दुपारी आजी शाळेत. "बाई, देवीची माळ शाळंत कशाला?" मी माफी मागितली, चहा दिला, आणि मग त्यांनीच पोरांना अर्धा तास कवड्यांबद्दल सांगितलं. तेव्हापासून मी लिहून देते: घरी विचारून आणावं, पूजेच्या वस्तूचं फक्त चित्र आणलं तरी चालेल.

शंख कानाला लावला की समुद्राचा आवाज येतो, हे कुणीतरी म्हणणारच. तेव्हा लगेच स्टीलचा रिकामा तांब्या कानाला लावायला द्या. तोच आवाज. आजूबाजूचे बारीक आवाज पोकळीत घुमतात, एवढंच. मग पोरांना शांत खोलीत आणि रस्त्याच्या कडेला, दोन्हीकडे तांब्या लावून फरक लिहायला सांगा.

आपलं पाणी कुठं जातं

आता नकाशा. आमच्या ओढ्यावर बोट ठेवायचं आणि विचारायचं, हे पाणी कोणत्या समुद्रात जाईल? सगळे म्हणतात मुंबईच्या, कारण जवळचा समुद्र तोच. मग बोट सरकवत न्यायचं. मांजरा पाटोदा तालुक्यात, बालाघाटच्या डोंगरात उगवते. धनेगावचं धरण, लातूर जिल्हा, कर्नाटकात बिदर, तेलंगणात सिंगूर आणि निजामसागर. तिथून ती वळून पुन्हा नांदेड जिल्ह्याच्या कडेला येते आणि कंदकुर्तीला गोदावरीत मिळते. पुढे श्रीराम सागर, भद्राचलम, राजमहेंद्रीजवळचं धवळेश्वरम आणि बंगालचा उपसागर. मांजराच ७२४ किलोमीटर वाहते. गोदावरी त्र्यंबकेश्वरला, म्हणजे अरबी समुद्राच्या इतक्या जवळ उगवून, १,४६५ किलोमीटर पूर्वेला जाते.

हे बोट फिरवणं घाईत उरकू नका. एक तास द्या. पोरं प्रत्येक धरणाला थांबतात आणि विचारतात, "इथं अडवलं तर पुढं जातंय का?" खरा प्रश्न आहे. कमी पावसाच्या वर्षी आमच्या मांजरेचं पाणी समुद्रापर्यंत पोचतच नाही, पोरांना ते घरी ऐकून माहीत असतं. एप्रिल २०१६ मध्ये धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ते पाणी कृष्णेचं होतं. घरच्यांना विचारून त्या वर्षाच्या दोन आठवणी लिहून आणा म्हणा.

खारं म्हणजे किती खारं

मचूळ पाणी आमच्या पोरांना शिकवावं लागत नाही. बोअरचं पाणी पिऊनच ती मोठी झालीत. माठाच्या बाहेरचा पांढरा थर, हिटरच्या कॉइलवरची खपली, सगळं ओळखीचं. इथूनच सुरुवात करा.

किराणा दुकानातून ३५ ग्रॅम मीठ तोलून आणा, ते एक लिटर पाण्यात विरघळवा. झाला समुद्र, अंदाजे. प्रत्येकाच्या जिभेवर एक थेंब. तोंडं वाकडी होऊ द्या. मग आकडे ठेवा: पिण्याच्या पाण्यात विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत असावेत, दुसरा स्रोतच नसेल तर २,००० पर्यंत चालवून घ्यावेत, असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे आपण ज्या पाण्याला नाक मुरडतो त्यात लिटरला दोन ग्रॅम. समुद्रात पस्तीस.

दोन काळ्या ताटल्या घ्या, एकीत बोअरचं पाणी, एकीत आपला समुद्र, आणि उन्हात ठेवा. पाणी उडून जातं, क्षार ताटलीत राहतात. पोरांना विचारा: नद्या रोज डोंगरातले क्षार समुद्रात नेतात, ऊन रोज फक्त पाणी उचलतं, हे कोट्यवधी वर्षं चाललं तर काय होईल? उत्तर त्यांना सापडतं. हुशार पोरगी असेल तर पुढे विचारेल, "पण आपल्या बोअरच्या पाण्यात तर चुना जास्त. मग समुद्रात मीठच काहून, चुना काहून नाही?" मला एका वर्षी हा प्रश्न आला. उत्तर त्याच वर्गात बाकावर पडलेलं होतं: कवड्या, शंख, शिंपले. समुद्रातले जीव तो चुना उचलून कवचं बांधतात. सोडियम आणि क्लोराईड मात्र फारसं कुणी उचलत नाही, ते साचत जातात.

मिठाच्या पाण्यात अंडं तरंगतं हा प्रयोग सगळेच करतात. करा, पण खरं सांगा. लिटरला ३५ ग्रॅम मिठात ताजं अंडं बुडतं. ते तरंगायला मीठ शंभर ग्रॅमच्या पुढे न्यावं लागतं. पुस्तकातल्या चित्राखाली 'म्हणून समुद्रात पोहणं सोपं' असं लिहून मोकळं होऊ नका. माळकरी घरातली पोरं अंड्याला हात लावत नाहीत, त्यांच्यासाठी बटाटा. तोही असाच वागतो.

निळा बर्फ

माझा सगळ्यात आवडता तास. शाईने निळं केलेलं पाणी बर्फाच्या साच्यात गोठवा. आमच्याकडे फ्रिज नाही, किराणावाल्याच्या फ्रिजमध्ये ठेवतो आणि थर्मासमधून आणतो. दोन काचेचे ग्लास: एकात साधं पाणी, दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅमचं खारं. दोन्ही पाणी रात्रभर एकाच खोलीत ठेवलेलं हवं, नाहीतर तापमानाचा घोळ होतो. आता विचारा, बर्फ कुठे लवकर वितळेल? हात वर करायला लावा आणि फळ्यावर आकडे लिहा. जवळजवळ सगळे खाऱ्याचं नाव घेतात, कारण मिठाने बर्फ लवकर वितळतो असं गारेगारवाल्याने सांगितलेलं असतं.

बर्फ टाका आणि गप्प राहा. साध्या पाण्यात निळ्या धारा सरसर खाली उतरतात, सगळा ग्लास निळा होतो आणि बर्फ लवकर संपतो. खाऱ्या पाण्यात निळा थर वरच बसून राहतो, जणू दुधावरची साय, आणि बर्फ कितीतरी वेळ टिकतो. बर्फाचं वितळलेलं पाणी गोडं, म्हणून खाऱ्यापेक्षा हलकं. ते वर राहतं आणि बर्फाभोवती थंड पांघरूण घालतं. साध्या ग्लासात तेच थंड पाणी जड ठरून बुडतं आणि कोमट पाणी वर येऊन बर्फाला भिडतं.

पोरांचा अंदाज चुकला की लगेच कारण सांगू नका. निदान दहा मिनिटं भांडू द्या. मग दक्षिण ध्रुवाकडे न्या: तिथं समुद्राचं पाणी गोठतं तेव्हा मीठ मागे राहतं, उरलेलं पाणी थंड आणि जास्त खारं होऊन तळाशी बुडतं आणि तळातळाने दूरवर पसरतं. सागरी प्रवाहांचे बाण पाठ करून घेण्यापेक्षा हा एक निळा थर पुष्कळ काम करतो.

बोअरवेलने खोली मोजा

शाळेसमोरच्या रस्त्यावर दोरी पसरा. एक मीटर म्हणजे शंभर मीटर. आधी गावातलं ठरवा: आमच्या गावातलं सगळ्यात खोल बोअर आठशे फूट, म्हणजे सुमारे २४४ मीटर, दोरीवर अडीच मीटरसुद्धा नाही. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर, साडेसोळा मीटरवर. एव्हरेस्ट ८,८४९, साडेअठ्ठ्याऐंशी मीटरवर. आता समुद्र. प्रकाशसंश्लेषणाला पुरेल एवढा उजेड साधारण दोनशे मीटरपर्यंत, म्हणजे आपल्या बोअरच्याही आधी. सरासरी खोली सुमारे ३,७०० मीटर: ३७ मीटर दोरी. प्रशांत महासागरातली मारियाना गर्ता सुमारे १०,९०० मीटर: १०९ मीटर, थेट मारुतीच्या पारापर्यंत. दोरीच्या टोकाला उभं राहायला पोरांची भांडणं होतात.

मग विचारा, समुद्र खोल आहे की रुंद? मुंबईहून सोमालियाचा किनारा अडीच हजार किलोमीटरच्या आसपास. याच दोरीने मोजला तर २५ किलोमीटर, म्हणजे इथून जवळपास अंबाजोगाई. खोली ३७ मीटर, रुंदी अंबाजोगाईपर्यंत. समुद्र विहिरीसारखा नसून परातीत सांडलेल्या पाण्यासारखा आहे हे तिथं उभं राहूनच कळतं.

दाबासाठी बाटलीला तीन भोकं पाडायचा प्रयोग आहेच. बाटली जमिनीवर ठेवू नका. जमिनीवर ठेवली तर मधल्या भोकाची धार सगळ्यात लांब पडते आणि तुम्ही पोरांसमोर अडकता. मी अडकलेय. उंच टेबलाच्या कडेला ठेवा, म्हणजे सगळ्यात खालची धार लांब जाते: जितकं खोल तितका दाब जास्त. दर दहा मीटरला एक वातावरण, म्हणजे आपल्यावरच्या सगळ्या हवेएवढा, दाब वाढतो. भारताची 'मत्स्य ६०००' ही पाणबुडी तीन माणसांना ६,००० मीटरवर नेण्यासाठी बनते आहे, चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत. माणसं बसतात तो गोळा टायटेनियमचा. त्या खोलीवर नखाएवढ्या जागेवर सुमारे सहाशे किलो दाब, म्हणजे सहा क्विंटल सोयाबीन एका नखावर. क्विंटल म्हटलं की आमच्या पोरांना लगेच वजन कळतं.

काळी माती आणि पाऊस

दोन सारखी घमेली, एकात कोरडी काळी माती, दुसऱ्यात तेवढंच पाणी, दोन्हीत दोन सेंटिमीटर आत थर्मामीटर. एक तास उन्हात, मग सावलीत, दर दहा मिनिटांनी नोंद. माती लवकर तापते आणि लवकर निवते, पाणी दोन्हीत आळशी. माती कोरडीच हवी. एका वर्षी पोरांनी नुकत्याच भिजवलेल्या रानातून आणली आणि दोन्ही थर्मामीटर जोडीने चालले. तो तास वाया गेला म्हणून मी चिडले होते. नंतर लक्षात आलं, ओली माती का तापत नाही हाच तर चांगला प्रश्न होता.

इथून मोसमी वाऱ्यावर जायचं. मे महिन्यात जमीन तापते, हवा हलकी होते, समुद्रावरची दमट हवा आत ओढली जाते. ती सह्याद्रीला अडते, महाबळेश्वरला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे ओतते आणि आपल्यापर्यंत रिकामी येते. वर्षाला आपल्या वाट्याला सातशे-आठशे. पण सप्टेंबरमध्ये आजोबा आभाळाकडे पूर्वेला बघतात ते का? बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाला की तो कधी कधी आपल्यापर्यंत येतो. जिथं आपली मांजरा जाते तिथलंच पाणी. हा धागा पोरांनी स्वतः जोडला तर त्या दिवशी शाळा लवकर सोडायला हरकत नाही.

पंचांगातली भरती

वर्गात भिंतीवर दिनदर्शिका लावा, तिथी असलेली. कोकणातली जुनी रीत अशी: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. दिवसा एकदा, रात्री एकदा. पावसाळ्यात वर्तमानपत्रांत मुंबईच्या भरतीच्या वेळा येतात, त्या कापून शेजारी चिकटवा. अर्धा-पाऊण तासाचा फरक पडतो, पण समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर बसून सातवीचं पोरगं मुंबईची भरती सांगतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पावकी-निमकी कुठं कामाला येते हेही कळतं.

अमावस्या-पौर्णिमेला सूर्य, चंद्र, पृथ्वी एका रांगेत, म्हणून उधाणाची, म्हणजे मोठी भरती. अष्टमीला काटकोनात, म्हणून भांगाची, म्हणजे लहान. दिवसातून दोनदाच का, हे सातवीला पूर्ण पटवायच्या फंदात पडू नका. पण "मग धनेगावला भरती काहून येत नाही?" हा प्रश्न आला तर टाळू नका. चंद्राच्या ओढीतला फरक मोठ्या पसाऱ्यावरच दिसतो. धरणाच्या या काठाला आणि त्या काठाला ओढ जवळपास सारखीच.

हैदराबादचा समुद्र, आणि सहल

पोरं कधी ना कधी म्हणतात, समुद्राजवळ राहणाऱ्यांनीच समुद्र शिकावा. तेव्हा हैदराबाद दाखवा. भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, 'इन्कॉइस', तिथं आहे, १९९९ पासून. त्सुनामीचा इशारा तिथून निघतो, मासे कुठे सापडतील हे मच्छीमारांना तिथून कळतं, आणि हैदराबादला समुद्र नाही. समुद्रात सोडलेले आर्गो तरंगक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरून तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि उपग्रहाला आकडे देतात. ते आकडे सगळ्यांना खुले आहेत. आमची पोरं थर्मामीटरने घमेल्यात जे करतात तेच, फक्त खोल.

सहल काढता आली तर काढा. एसटीला शालेय सहलीसाठी निम्मं भाडं लागतं. रत्नागिरीला कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्यालय आहे. तारीख अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची आणि वेळ ओहोटीची निवडा, ती पोरांनाच काढू द्या, म्हणजे खडकांतली डबकी उघडी पडलेली सापडतील. जिवंत काही उचलायचं नाही, उलटवलेला दगड परत होता तसा ठेवायचा. आणि पाण्यात कुणीही उतरणार नाही, घोट्यापर्यंतसुद्धा नाही. पोरं रडतील, पालक म्हणतील एवढ्या लांब नेऊन पाय भिजवू दिले नाहीत. ऐकू नका. विहिरीत पोहणाऱ्या पोरांना लाटेची परतीची ओढ माहीत नसते.

सहल नाही जमली तरी एक काम जमतं. दिवाळीनंतर टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक पोराला मी एक वही देते. पहिल्या पानावर एकच प्रश्न: तुझ्या कारखान्याजवळची नदी कोणती आणि ती कोणत्या समुद्राला जाते, तिथल्या लोकांना विचार. मागच्या वर्षी कराडकडून एका मुलीने आईच्या मोबाईलवरून फोन केला. पाठीमागे ट्रॅक्टरचा आवाज होता.

"मॅडम, इथं कृष्णा हाय. सगळे म्हणतेत समुद्र इथून लई जवळ, त्या डोंगराच्या पलीकडं. पण नदी तिकडं जातच नाही. आपल्याच समुद्राला जाती."